सभागृहाबाहेरचा सदस्य : रामभाऊ म्हाळगी, येरवडा आणि लोकप्रतिनिधीचा हिशेब

लोकप्रतिनिधीच्या कारकिर्दीचे मोजमाप करताना त्याने भूषवलेली पदे, जिंकलेल्या निवडणुका आणि मतदारसंघात उभी राहिलेली बांधकामे यांची यादी करण्याची रीत महाराष्ट्रात रूढ झाली आहे. या मोजमापात रामभाऊ म्हाळगी यांच्यासारख्या सदस्याला कोठे बसवायचे हे ठरवणे अवघड जाते. कारण १९५७ ते १९८२ या पाव शतकात तीनदा विधानसभेवर आणि दोनदा लोकसभेवर निवडून येऊनही ते कधी मंत्री झाले नाहीत, जवळजवळ सगळा काळ विरोधी बाकांवर बसले आणि आणीबाणीत त्यांना सभागृहाऐवजी येरवड्याच्या मध्यवर्ती कारागृहात राहावे लागले. असे असूनही मतदारांना वर्षाच्या वर्षाला कामाचा अहवाल देणारा प्रतिनिधी म्हणून त्यांचे नाव पक्षाच्या सीमेपलीकडे आदराने घेतले जाते. या आदराचे कारण शोधताना लोकशाहीतील एका मूलभूत प्रश्नाशी येऊन थांबावे लागते : सदस्य सभागृहात हजर असणे आणि मतदारांचे प्रतिनिधित्व होणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? म्हाळगी यांची कारकीर्द आणि येरवडा या परिसराचा जुना व अलीकडचा अनुभव एकत्र ठेवून पाहिले, तर या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते.

रामचंद्र काशिनाथ म्हाळगी यांचा जन्म ९ जुलै १९२१ रोजी पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात कडूस या गावी झाला. तरुणपणी ते काही काळ राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रचारक, म्हणजे घरसंसार बाजूला ठेवून संघटनेच्या कामासाठी पूर्ण वेळ देणारे कार्यकर्ते, होते. पुढे त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि १९५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जनसंघाची महाराष्ट्रातील उभारणी करणाऱ्या पहिल्या फळीत ते सामील झाले. त्या वेळी या पक्षाला महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात फारसा आधार नव्हता. बहुजन समाजाचे राजकारण काँग्रेस आणि शेतकरी कामगार पक्ष यांच्याभोवती फिरत होते, शहरांत समाजवादी आणि कम्युनिस्टांचा प्रभाव होता आणि गांधीहत्येनंतरच्या रोषाची आठवण ताजी होती. अशा स्थितीत १९५७ मध्ये म्हाळगी मावळातून विधानसभेवर निवडून आले, त्यामागे त्यांच्या कष्टांइतकाच संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा वाटा होता.

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन यांच्याबरोबर जनसंघही होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठी व गुजराती प्रदेशांचे मिळून द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले, आणि त्याविरुद्धच्या असंतोषाने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर फटका बसला. म्हाळगी यांच्या संसदीय शिक्षणाची सुरुवात या आघाडीत झाली, ही बाब दुर्लक्षिता येण्यासारखी नाही. ज्यांच्याशी वैचारिक वैर होते अशा पक्षांच्या सदस्यांबरोबर एका प्रश्नापुरते एकत्र बसावे लागणे आणि तो प्रश्न १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेने सुटल्यावर पुन्हा स्वतःच्या अल्प बळावर उभे राहावे लागणे, हा अनुभव कठोर होता. १९६२ च्या निवडणुकीत जनसंघाला महाराष्ट्र विधानसभेत एकही जागा मिळाली नाही. म्हाळगी पाच वर्षे सभागृहाबाहेर राहिले आणि १९६७ व १९७२ मध्ये पुणे शहरातून पुन्हा निवडून आले.

ज्या विधानसभांत ते परतले त्यांचे संख्याबळ ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या कामाचे स्वरूप कळते. १९६७ मध्ये २७० पैकी २०३ आणि १९७२ मध्ये २७० पैकी २२२ जागा काँग्रेसकडे होत्या, तर जनसंघाचे सदस्य अनुक्रमे चार आणि पाच होते. एवढ्या थोड्या सदस्यांना सरकार पाडता येत नाही, विधेयक अडवता येत नाही, आणि भाषणे कितीही प्रभावी झाली तरी मतदानाचा निकाल आधीच ठरलेला असतो. अशा सदस्याच्या हाती उरतात ती सभागृहाच्या नियमांनी दिलेली आयुधे. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते, पण ते कायमचे कागदावर येते. लक्षवेधी सूचनेने तातडीच्या सार्वजनिक बाबीवर मंत्र्याचे निवेदन मागता येते. कपात सूचना, म्हणजे अर्थसंकल्पातील एखाद्या मागणीची रक्कम प्रतीकात्मक पातळीवर कमी करण्याचा प्रस्ताव, मांडून खात्याच्या कारभारावर बोट ठेवता येते. आणि अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेला कायद्याचा मसुदा, चर्चेला आणता येतो.

या आयुधांची खरी ताकद सरकारकडून माहिती काढून घेण्यात आहे. माहितीचा अधिकार कायद्याने मिळण्याच्या कितीतरी आधीच्या त्या काळात एखाद्या धरणग्रस्ताला त्याच्या मोबदल्याची फाइल कोणत्या टेबलावर अडली आहे हे कळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग विधिमंडळातील प्रश्न हाच होता, कारण प्रश्न आला की मंत्रालयापासून तहसील कचेरीपर्यंत कागद हलत आणि उत्तर चुकीचे दिले तर मंत्र्यावर विशेषाधिकारभंगाची, म्हणजे सभागृहाच्या अधिकारांना बाधा आणल्याची, नामुष्की येऊ शके. प्रश्न विचारण्यासाठी बहुमत लागत नाही, पक्षादेशाची परवानगी लागत नाही आणि निधीही लागत नाही. लागतो तो अभ्यास, पाठपुरावा आणि कागद जपून ठेवण्याची चिकाटी. म्हाळगी यांनी हे ओळखले आणि आलेले प्रत्येक पत्र, दिलेले प्रत्येक उत्तर, विचारलेला प्रत्येक प्रश्न यांची व्यवस्थित नोंद ठेवण्याला राजकीय कामाचा दर्जा दिला.

त्यातून त्यांच्या वार्षिक अहवालाची प्रथा आली. वर्षभरात सभागृहात काय केले, मतदारसंघात काय केले, कोणती कामे झाली आणि कोणती राहिली, याचा छापील हिशेब ते मतदारांपुढे ठेवत. प्रतिनिधी हा मतदारांचा विश्वस्त असतो, असे म्हणणे सोपे आहे. विश्वस्ताने हिशेब दाखवायचा असतो, एवढी साधी अट मात्र भारतीय संविधानाने वा निवडणूक कायद्याने प्रतिनिधीवर घातलेली नाही. उमेदवाराने निवडणूक खर्चाचा हिशेब निवडणूक यंत्रणेला द्यावा लागतो आणि मालमत्तेचे विवरण शपथपत्रात भरावे लागते, पण निवडून आल्यावर पाच वर्षे काय केले हे मतदाराला सांगण्याचे कोणतेही कायदेशीर बंधन त्याच्यावर नाही. कायद्यातील ही उणीव म्हाळगी यांनी स्वतःपुरती भरून काढली, आणि त्यामुळे त्यांचे मतदारांशी असलेले नाते पाच वर्षांनी एकदा होणाऱ्या मतदानापुरते उरले नाही.

या नात्याची कसोटी आणीबाणीत लागली. २५ जून १९७५ रोजी अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी पुकारण्यात आली आणि ४ जुलै रोजी राष्ट्रीय स्वयंसेवक संघासह अनेक संघटनांवर बंदी घालण्यात आली. जुलैमध्ये संसदेचे अधिवेशन भरले तेव्हा प्रश्नोत्तराचा तास आणि अशासकीय कामकाज ठरावाने स्थगित करून केवळ सरकारी कामकाज ठेवण्यात आले. सभागृह चालू राहिले, पण सदस्याने सरकारला जाब विचारण्याची वेळ त्यातून काढून टाकली गेली. सत्ता एकवटू पाहणाऱ्या सरकारने संसद बरखास्त न करता आधी प्रश्न बंद केले, यावरून लहान पक्षाच्या सदस्याच्या हातातले हे आयुध किती मोलाचे होते हे उलट बाजूने सिद्ध होते.

आणीबाणीत म्हाळगी यांना अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, म्हणजे ‘मिसा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९७१ च्या कायद्याखाली, येरवड्यात स्थानबद्ध करण्यात आले. १८७१ मध्ये उभारलेल्या या कारागृहाला राजकीय बंदी नवे नव्हते. टिळकांनी पहिल्या राजद्रोहाच्या शिक्षेचा काही काळ येथे काढला होता, गांधींच्या १९२२ नंतरच्या अनेक कारावासांची ही जागा होती आणि २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार, ज्याने दलितांच्या विधिमंडळातील राखीव जागांचा आकार ठरवला, तो याच भिंतींआड झालेल्या वाटाघाटींतून आला होता. भारतीय विधिमंडळांत कोणी आणि कोणत्या नात्याने बसायचे याचा एक निर्णय ज्या तुरुंगात झाला, त्याच तुरुंगात ४३ वर्षांनी स्वतंत्र भारतातील एका निवडून आलेल्या सदस्याला विनाचौकशी ठेवण्यात आले. त्या काळात येरवड्यात संघाचे सरसंघचालक बाळासाहेब देवरस होते, तसेच समाजवादी प्रमिला दंडवते होत्या, ज्यांचे पती मधू दंडवते खासदार असताना बंगळूरच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. बाहेर ज्यांची व्यासपीठे वेगळी होती त्यांना सरकारने एकाच यादीत टाकले होते.

स्थानबद्ध सदस्याची कायदेशीर स्थिती चमत्कारिक असते. स्थानबद्धता म्हणजे गुन्ह्याची शिक्षा नव्हे. पुढे काही करील या संशयावरून शासनाने केलेली ती कोंडी असते. त्यामुळे दोषसिद्धीने जशी अपात्रता येऊ शकते तशी स्थानबद्धतेने येत नाही, सदस्यत्व कायम राहते. मात्र संविधानाच्या अनुच्छेद १९० नुसार परवानगीवाचून साठ दिवस सभागृहाच्या बैठकांना गैरहजर राहिल्यास जागा रिक्त घोषित करता येत असल्याने, कोंडलेल्या सदस्याला गैरहजेरीची परवानगी मागावी लागते. तुरुंगातून सभागृहात येण्याचा हक्क त्याला आहे काय, हा प्रश्न मद्रासचे कम्युनिस्ट नेते के. आनंदन नंबियार यांच्या प्रकरणांत दोनदा न्यायालयांपुढे आला. १९५० च्या दशकाच्या आरंभी मद्रास उच्च न्यायालयाने असा हक्क नाकारला, पण सदस्याने अध्यक्षांना व विधिमंडळाच्या समित्यांना लिहिलेली पत्रे कार्यकारी अधिकाऱ्यांना अडवता येणार नाहीत असे सांगितले. पुढे १९६० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयानेही उपस्थितीचा हक्क मान्य केला नाही. या दोन निर्णयांचा एकत्रित अर्थ असा की सरकार सदस्याला सभागृहापासून दूर ठेवू शकते, पण सभागृहाशी असलेला त्याचा पत्रव्यवहार तोडण्याचा अधिकार सरकारला नाही.

म्हाळगी यांनी ही उरलेली फट वापरली. पत्रव्यवहार आणि नोंदी हे ज्याच्या कामाचे मूळ साधन होते त्याला तुरुंगाने सभागृहातील बोलण्यापासून तोडले, तरी आमदार म्हणून लिहिण्यापासून तोडले नाही. येरवड्यातूनही त्यांनी लेखी काम चालू ठेवले. या ठिकाणी शौर्याची भाषा टाळणे योग्य होईल. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक अशा मताने स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग बंद केल्यानंतर एखाद्या आमदाराच्या पत्राने शासन हलेल अशी शक्यता उरली नव्हती, आणि एकट्या न्या. हंसराज खन्ना यांचे भिन्नमतही त्या दिवशी कोणाची सुटका करू शकले नाही. पत्रांचा तात्कालिक परिणाम थोडा होता, पण त्यांचा घटनात्मक अर्थ मोठा होता : सदस्य कोंडला गेला तरी मतदारांची बाजू नोंदीतून नाहीशी झाली नाही. बैठकीतील हजेरी आणि प्रतिनिधित्व यांतला फरक येथे स्पष्ट होतो, कारण त्याच काळात बाहेर असलेले, सभागृहात रोज बसलेले आणि एकही प्रश्न न विचारता प्रत्येक सरकारी प्रस्तावाला हात वर करणारे सदस्य हजर होते, पण त्यांच्या मतदारांचे प्रतिनिधित्व होत होते असे म्हणणे कठीण आहे.

मार्च १९७७ च्या निवडणुकीत म्हाळगी ठाण्यातून लोकसभेवर गेले. मावळचे डोंगर आणि पुण्याच्या पेठा यांच्या मानाने ठाणे, कल्याण, उल्हासनगर ही उपनगरी व कारखानदारीची पट्टी सर्वस्वी वेगळी होती. तेथे लोकलने मुंबईला जाणारा नोकरदार, फाळणीनंतर वसलेला सिंधी निर्वासित, कारखान्यातला कामगार आणि आजूबाजूचा आगरी शेतकरी यांचे प्रश्न राज्याइतकेच केंद्राच्या खात्यांशी, विशेषतः रेल्वेशी, निगडित होते. मतदारसंघ बदलला, आकार कितीतरी वाढला, तरी प्रश्न, पत्रे आणि अहवाल ही पद्धत त्यांनी सोडली नाही. जनता पक्षाच्या सत्तेच्या अडीच वर्षांत ते आयुष्यात एकदाच सत्ताधारी बाकांवर बसले. १९८० मध्ये महाराष्ट्रातील ४८ पैकी ३९ जागा इंदिरा काँग्रेसने जिंकल्या असताना ठाण्याने त्यांना पुन्हा पाठवले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्थापन झालेल्या भारतीय जनता पक्षात ते गेले. ६ मार्च १९८२ रोजी, खासदार असतानाच, त्यांचे निधन झाले.

१९७७ मध्ये म्हाळगी ज्या सहाव्या लोकसभेत गेले तिचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे १९७८ ची चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती. तिने ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचे कारण काढून तेथे ‘सशस्त्र उठाव’ घातले आणि आणीबाणीतही जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क निलंबित करता येणार नाही अशी तरतूद केली. ‘मिसा’ही रद्द झाला. पण या दुरुस्तीच्या कलम ३ ने अनुच्छेद २२ मधील स्थानबद्धतेच्या तरतुदी अधिक कडक करायच्या होत्या, सल्लागार मंडळाच्या मताशिवाय कोंडून ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणायची होती, आणि ते कलम अंमलात आणण्याची अधिसूचना आजतागायत निघालेली नाही. ज्या लोकसभेत येरवडा, नाशिक, बंगळूरच्या तुरुंगांतून आलेले अनेक सदस्य बसले होते तिने संमत केलेली तरतूद त्यानंतरच्या प्रत्येक पक्षाच्या सरकारने पडून राहू दिली. १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला आणि विनाचौकशी स्थानबद्धतेची व्यवस्था दुसऱ्या नावाने चालू राहिली. आणीबाणीतील कारावासाचा अभिमान सांगणाऱ्या राजकारणाने या एका अधिसूचनेचा पाठपुरावा केला नाही, हा त्या वारशातील सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो कोणा एका पक्षाचा नाही.

म्हाळगी यांच्या पद्धतीवर काही गंभीर आक्षेप घेता येतात. पहिला आक्षेप असा की स्वतःच्या कामाचा अहवाल स्वतः लिहिणे हा हिशेब असला तरी लेखापरीक्षण नव्हे. काय सांगायचे आणि काय गाळायचे हे लिहिणाऱ्याच्या हाती राहते. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे : पत्रांना उत्तरे देणारा, अर्ज पुढे पाठवणारा प्रतिनिधी हळूहळू शासन आणि नागरिक यांच्यामधला मध्यस्थ होतो, आणि ज्या व्यवस्थेत कचेरीने आपोआप करायचे काम आमदाराच्या चिठ्ठीने होते तिच्यातील दोष त्याच्या कार्यक्षमतेने झाकला जातो. तिसरा आक्षेप विचारसरणीचा आहे. अहवाल कितीही नेटका असला तरी सदस्याच्या पक्षाच्या भूमिका योग्य की अयोग्य हे त्यावरून ठरत नाही, आणि कार्यपद्धतीच्या गौरवात त्या भूमिकांची चिकित्सा हरवू नये. तिन्ही आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट उरते. चिकित्सेसाठी काहीतरी लेखी समोर असावे लागते, आणि ज्याने नोंद ठेवली नाही त्याची चिकित्सा करायची कशाच्या आधारे? मध्यस्थाच्या कामाबाबत असे म्हणता येईल की शेकडो तक्रारींतून एक तारांकित प्रश्न तयार करणे, म्हणजे एकट्याच्या अडचणीतून सगळ्यांच्या धोरणाचा प्रश्न काढणे, हे मध्यस्थापेक्षा वेगळे आणि विधिमंडळाच्या सदस्यालाच शोभणारे काम आहे.

त्यांच्या निधनानंतरच्या चार दशकांत दोन बदलांनी या कामाचा पाया खचला. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने, म्हणजे संविधानाच्या दहाव्या अनुसूचीने, पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाण्याची तरतूद केली. तिचा हेतू घाऊक फुटीला आळा घालण्याचा असला तरी सदस्याचे मत पक्षनेतृत्वाकडे गहाण पडले, आणि महाराष्ट्राने अलीकडे पाहिले त्याप्रमाणे फूटही थांबली नाही. दुसरा बदल डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झालेल्या खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनेचा. पहिल्या वर्षी प्रत्येक खासदारामागे पाच लाख रुपयांची असलेली ही रक्कम पुढे एक कोटी, दोन कोटी आणि २०११-१२ पासून वर्षाला पाच कोटी झाली, आणि राज्यांत आमदारांसाठीही असाच निधी आहे. म्हाळगी यांच्याजवळ असा निधी नव्हता. त्यामुळे त्यांच्या अहवालात सांगण्यासारखे जे होते ते प्रश्न, पत्रे आणि चर्चा. निधी आल्यावर अहवालांची जागा रंगीत कार्यपुस्तिकांनी घेतली, ज्यांत सभामंडप, पेव्हिंग ब्लॉक, हायमास्ट दिवे आणि व्यायामशाळा यांची छायाचित्रे असतात, पण सदस्याने कोणत्या विधेयकावर काय मत मांडले हे शोधूनही सापडत नाही. शासनावर लक्ष ठेवण्यासाठी निवडलेला सदस्य स्वतःच शासनाचा एक छोटा खर्च करणारा विभाग झाला, तर त्याच्यावर लक्ष कोणी ठेवायचे हा प्रश्न मागे उरतो.

या सगळ्याचा अर्थ येरवड्याच्या अलीकडच्या अनुभवात पाहता येतो. वडगाव शेरी विधानसभा आणि पुणे लोकसभा मतदारसंघात येणाऱ्या या भागात मुळा-मुठेच्या काठाजवळच्या झोपडपट्ट्या, कारागृह आणि मनोरुग्णालय यांच्यासारख्या मोठ्या शासकीय संस्था आणि कल्याणीनगरसारखी सधन वस्ती शेजारीशेजारी आहेत, आणि पाणी, मलनिःसारण, पुनर्वसन या प्रश्नांसाठी येथील नागरिकाला महापालिका, राज्य आणि केंद्र या तिन्ही पातळ्यांवर आवाज लागतो. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत जवळजवळ चार वर्षे प्रशासकाने कारभार केला. २९ मार्च २०२३ रोजी खासदार गिरीश बापट यांचे निधन झाले. कसब्यातून १९९५ पासून सलग पाच वेळा आमदार आणि २०१९ मध्ये खासदार झालेले बापट हेही आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या पिढीतले आणि विधानसभेतून लोकसभेत गेलेले सदस्य होते. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १५१-क नुसार मुदतीचे एक वर्ष वा अधिक उरले असेल तर रिक्त जागा सहा महिन्यांत भरायची असते. कसबा विधानसभेची जागा आमदार मुक्ता टिळक यांच्या निधनानंतर दोन-अडीच महिन्यांत भरली गेली होती. पुण्याची लोकसभेची जागा मात्र रिकामी ठेवण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पोटनिवडणूक घेण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये त्याला स्थगिती दिली, आणि जून २०२४ पर्यंत येरवड्याच्या नागरिकाला नगरसेवकही नव्हता आणि खासदारही नव्हता.

आणीबाणीत येरवड्याच्या भिंतींआड असलेल्या आमदाराच्या मतदारांना निदान आपला प्रतिनिधी कोठे आहे हे माहीत होते, आणि तो त्यांच्या वतीने लिहीत होता. २०२३-२४ मध्ये कोणी कोंडलेले नव्हते, आणीबाणी नव्हती, तरी याच भिंतींबाहेर राहणाऱ्यांच्या वतीने लोकसभेत प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. या स्थितीविरुद्ध पुण्यात मोठे आंदोलन झाले नाही. त्याचे एक कारण असे की प्रतिनिधी म्हणजे नळजोडणीची चिठ्ठी देणारा माणूस एवढाच अर्थ मतदारांच्याही मनात उरला असल्याने, ती चिठ्ठी दुसरीकडून मिळाली की जागा रिकामी असल्याचे कोणाला जाणवत नाही. स्थानबद्ध वा तुरुंगातील सदस्याचा प्रश्नही संपलेला नाही. २०२४ मध्ये तुरुंगातून निवडून आलेल्या दोन खासदारांपैकी एकाला अधिवेशनाला जाण्यासाठी न्यायालयाने दोन दिवस पोलिसांच्या ताब्यात पाठवले, तर दुसऱ्याच्या गैरहजेरीसाठी लोकसभेला रजा मंजूर करावी लागली; आणि जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातील दोन आमदारांना कच्चे कैदी असल्यामुळे राज्यसभेच्या निवडणुकीत मत देता आले नाही, जे स्थानबद्ध असते तर कायद्याने देता आले असते. ज्यांच्यावर खटला चालू आहे त्यांच्यापेक्षा विनाचौकशी कोंडलेल्यांना मतदानाचा अधिक हक्क देणाऱ्या या विसंगतीवर विधिमंडळाने स्वतः विचार करणे आवश्यक आहे.

म्हाळगी यांच्या नावाने १९८२ मध्ये स्थापन झालेली प्रबोधिनी भाईंदरजवळ उत्तन येथे लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देते, आणि ते काम मोलाचे आहे. परंतु जी गोष्ट एका सदस्याने स्वतःहून केली ती सर्वांकडून प्रशिक्षणाने होईल अशी आशा चाळीस वर्षांच्या अनुभवानंतर धरता येत नाही. त्यासाठी नियम हवेत. विधानसभेच्या व लोकसभेच्या प्रत्येक सदस्याने दरवर्षी ठरावीक नमुन्यात आपली उपस्थिती, विचारलेले प्रश्न, मांडलेल्या सूचना, मतदान आणि निधीचा खर्च यांचा अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवावा. त्याची पडताळणी सचिवालयाने करावी, म्हणजे स्वतःच्या अहवालावरचा पहिला आक्षेप दूर होईल. रिक्त जागेवरील पोटनिवडणूक टाळण्याची सवलत निवडणूक आयोगाच्या वा सरकारच्या सोयीवर सोडू नये. महापालिकांवर प्रशासक ठेवण्याला कालमर्यादा असावी. आणि चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीचे कलम ३ अंमलात आणावे. यांतील शेवटच्या मागणीला नवा कायदाही लागत नाही, केंद्र सरकारची एक अधिसूचना पुरेशी आहे. म्हाळगी यांचा मोठेपणा त्यांच्या पक्षाने वा विरोधकांनी पुतळ्यांत आणि जयंत्यांत शोधू नये; ते ज्या लोकसभेत बसले तिने केलेला एक कायदा अजून अर्धवट पडून आहे, आणि तो का पडून आहे हे विचारणारा तारांकित प्रश्न महाराष्ट्राच्या ४८ खासदारांपैकी कोणीही पुढच्या अधिवेशनात देऊ शकतो.